नाव न सांगणारा पाहुणा

बालमित्रांनो, थोरामोठ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या तुम्ही शाळेत साजऱ्या करता. त्यांच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ असतात. पण पुण्यात असा एक मोठा पाहुणा येऊन गेला, की त्याच्या येण्याची तारीख कुणी टिपूनच ठेवली नाही! महिना होता सप्टेंबर, साल १८९२. त्याची आठवण म्हणून एका सप्टेंबरात मी भाचीला घेऊन निघालो.

सुरुवात अर्थातच पुणे स्टेशनवरून. आताची इमारत १९२५ सालची, म्हणजे आपल्या पाहुण्यानं ती पाहिलेली नाही. तो मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून गाडीत बसला, सेकंड क्लासच्या डब्यात. वय २९. अंगावर संन्याशाचे कपडे, जवळ मृगाजिन आणि कमंडलू. पैसा मात्र एकही नाही! त्याच डब्यात होते लोकमान्य टिळक. संन्याशाला पोचवायला आलेल्या काही गुजराती गृहस्थांनी दोघांची ओळख करून दिली आणि पुण्यात टिळकांकडेच उतरा, असं त्याला सुचवलं. टिळकांनी त्याला घरी नेलं.

"आणि नाव?" भाचीनं विचारलं.

टिळकांनीही तेच विचारलं होतं. तो म्हणाला, मी एक संन्यासी आहे. बस्स, एवढंच!

बसनं आम्ही शनिपाराला उतरलो आणि सदाशिव पेठेत शिरलो. टिळक तेव्हा गायकवाड वाड्यात नव्हे, तर इथल्या विंचूरकर वाड्यात राहत. आठ-दहा दिवस तो त्यांच्याकडे राहिला. वेदान्तावर गप्पा व्हायच्या. गीता सगळं सोडून द्यायला सांगत नाही, तर फळाची आशा न धरता काम करायला सांगते, यावर दोघांचं एकमत होतं.

भाचीला मात्र वेगळीच शंका. "मामा, आई तर म्हणते, अनोळखी माणसाशी बोलूसुद्धा नको!"

"आईचं बरोबरच आहे," मी म्हटलं. "टिळक मोठे होते आणि ओळख करून देणारी माणसं समोर होती. पण नाव, गाव, ओळखपाळख एवढंच बघून त्यांनी माणसाची किंमत केली नाही, हे लक्षात घे."

मग चालत चालत टिळक रस्त्यावरच्या हिराबागेपाशी आलो. गाड्यांचे हॉर्न, रिक्षा, नुसती गर्दी! इथे तेव्हा डेक्कन क्लबच्या दर आठवड्याला सभा भरत. एका संध्याकाळी टिळक पाहुण्याला घेऊन आले. काशिनाथ गोविंद नाथ यांचं तत्त्वज्ञानावर छान व्याख्यान झालं. पुढे बोलायला कुणी उठेना. तेव्हा हा संन्यासी उठला आणि अस्खलित इंग्रजीत त्यानं विषयाची दुसरी बाजू मांडली. सगळे चकित! लवकरच त्यानं पुणं सोडलं.

ओळखलंत ना? वर्षभरानं, ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ज्यांच्या भाषणानं सभागृह दणाणलं, ते हे स्वामी विवेकानंद! पुढे वर्तमानपत्रांतलं चित्र पाहून टिळकांच्या मनात आलं, हा आपलाच पाहुणा तर नसेल? त्यांनी पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं : होय, तोच मी! ते पत्रही आज नाही. १८९७ च्या 'केसरी' खटल्यानंतर इतर कागदांबरोबर ते नष्ट झालं असावं, असं टिळकांनी पुढे सांगितलं.

परतताना भाची गप्प होती. मग एकदम म्हणाली, "मामा, स्वामीजी पुढे मोठे झालेच नसते तर? तरी टिळकांनी केलं ते चांगलंच ना?"

मला वाटतं, त्या सप्टेंबरची आठवण यासाठीच ठेवायची. विवेकानंदांचा पाहुणचार तर कुणीही आनंदानं केला असता. टिळकांनी तो केला एका बिननावाच्या संन्याशाचा.

तुमच्या वर्गात या वर्षी कुणी नवं आलंय का? त्याला डब्यातलं काही विचारलंत का?