'टेक' म्हणजे घेणे?

माहूरसारख्या गावात इंग्रजी शिकवताना अवघड शब्दांचा त्रास फारसा होत नाही. ते मुलं पाठ करतात. त्रास होतो तो सोप्या शब्दांचा, आणि त्यात 'टेक' सगळ्यांत पुढे. टेक म्हणजे घेणे, हे पाचवीत डोक्यात बसतं आणि पदवीपर्यंत हलत नाही.

परीक्षेचंच पाहा. मराठीत परीक्षा घेतो तो मास्तर आणि देतो तो विद्यार्थी. इंग्रजीत मात्र विद्यार्थीच परीक्षा 'टेक' करतो. त्यामुळे 'आय गेव्ह द एक्झाम' हे वाक्य आमच्या मुलांच्या वह्यांत हमखास सापडतं. यात मुलांचा दोष नाही. उर्दूतही इम्तिहान दिलाच जातो, आणि निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या पिढीने तीच सवय घरी आणली. किनवटच्या पुढे आदिलाबादकडे गेलं, की तेलुगूत परीक्षा 'लिहितात'. कर्ता एकच, परीक्षाही तीच. पण देणं, घेणं, लिहिणं हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरवलेलं.

दुसरा घोळ दिशेचा. 'घेणे' आपल्याकडे येतं, 'नेणे' आपल्यापासून लांब जातं. 'टेक'मध्ये या दोन्ही दिशा आहेत. आजारी माणसाला आपण यवतमाळला नेतो, घेत नाही. लेकराला दत्तशिखरावर न्यायचं तर मराठी 'घेऊन जा' म्हणते, म्हणजे एका 'टेक'साठी दोन क्रियापदं खर्च करते. किनवटची बस 'घ्या' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, विकत घ्यायची आहे. फोटो आपण काढतो. गडाच्या पायऱ्या चढायला वेळ लागतो. इथे तर कुणी काही घेतच नाही.

'टेक' मूळचा इंग्रजीचाही नाही. तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला आणि जुन्या इंग्रजीतल्या 'निमन' या क्रियापदाला त्याने हळूहळू हुसकावून लावलं. त्या 'निमन'ची खूण आज 'नम', म्हणजे बधिर, यासारख्या शब्दांत उरली आहे. इतकी शतकं स्वयंपाकघरापासून कोर्टकचेरीपर्यंत वापरलेला शब्द एका प्रतिशब्दात मावायचा कसा? मोल्सवर्थने हाती घेतलेला आणि थॉमस कँडीने तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. तेव्हापासून आपल्याकडे कोशांची वाण नाही. पण कोश उघडून पहिलाच प्रतिशब्द उचलणारा विद्यार्थी फसतो. मी मुलांना सुटं 'टेक' लिहूच देत नाही. शेजारचं नाम लिहायला लावतो. अर्थ तिथे ठरतो.

खरं तर आपलं 'घेणे' काही कमी पसरलेलं नाही. रेणुकामातेच्या गडावर माणूस दर्शन घेतो, तांबुलाचा प्रसाद घेतो, कडेवर लेकरू घेतो, अर्ध्या वाटेवर दम घेतो. गवत पेट घेतं, घार झेप घेते, सासू फैलावर घेते. यांतलं इंग्रजीत 'टेक'ने किती साधेल? 'दम घेणं' साधेल. 'फैलावर घेणं'ही साधेल, 'टेक टु टास्क' म्हणून. 'पेट घेणं' मात्र सहसा नाही. सगळ्यांत फसवी जोडी 'मनावर घेणे' आणि 'टेक टु हार्ट'. शब्दाला शब्द जुळतो, अर्थ जुळेलच असं नाही. 'पाटलांनी मनावर घेतलं तर रस्ता होईल', यात निश्चय आहे. 'टेक टु हार्ट'मध्ये बहुतेक वेळा दुखावलेपण असतं; तिथे मराठीला 'मनाला लावून घेणे' लागतं. ही जोडी चुकवलेली भाषांतरं मी छापील पुस्तकांत वाचली आहेत आणि दर वेळी हळहळलो आहे, कारण एका शब्दाने पात्राचा स्वभावच बदलून जातो.

मराठीतलं 'घेणे' आणखी एक काम करतं, आणि 'टेक' तिथे पोचतच नाही. जेवून घे, लिहून घे, करून घे. क्रिया होते आणि तिचं फळ करणाऱ्याच्या पदरात पडतं. इंग्रजीला यासाठी दर वेळी नवी सोय शोधावी लागते. तेलुगूला नाही: 'रासुको' म्हणजे लिहून घे, 'चेसुको' म्हणजे करून घे. म्हणूनच ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्या मुलांना हा भाग समजवावा लागत नाही. 'मला समजलं' आणि 'मी समजून घेतलं' या दोन्हींना इंग्रजी बहुधा 'अंडरस्टुड' म्हणून मोकळी होते. पहिल्यात समज आपसूक येते, दुसऱ्यात माणसाने खटपट केलेली असते. तेलुगूत पहिल्याला 'अर्थमैंदि', दुसऱ्याला 'अर्थम् चेसुकुन्नानु'. हा फरक इंग्रजीत आणायचा तर 'टेक द ट्रबल टु अंडरस्टँड' असं लांबून यावं लागतं, आणि तेव्हा कुठे 'टेक' खऱ्या अर्थाने आपल्या 'घेणे'च्या जवळ येतो.