कपाटामागचं हवामान

पावसात लाकूड फुगतं. कपाटाचं दार बसेना म्हणून सुतार आला आणि रंधा हातात घेण्याआधी त्याने अख्खं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मागे बुरशी. त्यात नवल काही नाही. मुंबईच्या जुलैत ती चामड्याच्या पट्ट्यावर येते, कोल्हापुरी चपलांवर येते, भेट मिळालेल्या कवितासंग्रहांवर तर विशेष प्रेमाने येते. नवल होतं तिच्या कडांचं. कपाट जिथे संपत होतं तिथेच, पट्टीने आखल्यासारखी, तीही संपत होती. पलीकडची भिंत स्वच्छ. सुताराने तळवा टेकवून पाहिला. "पाणी मुरलेलं नाही ताई हितं. हवा कोंडलीय."

तो बिजागरी सैल करत बसला आणि मी त्या काळ्या-हिरव्या चौकोनाकडे बघत. घरात हवा कुठवर पोचते याचा इतका चोख नकाशा मी पाहिला नव्हता.

फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ साली लिहून ठेवलंय की बुरशीची भुकटी खरबुजाच्या फोडीवर टेकवली, तर जी टेकवली त्याच जातीची पुन्हा उगवते. म्हणजे ही पेरणी आहे, आणि ती बारा महिने चालू असते. बीजाणू खिडकीतून येतच राहणार. रंग, प्लायवूड, धूळ, त्यांना काहीही चालतं. अडतं ते फक्त ओलीवाचून. म्हणून ते सुगंधी फवारे मला लबाड वाटतात. डांबरगोळ्यांचा तर वासच नको. कोरड्या फडक्याने बुरशी झटकणारे आणखी वाईट, कारण भिंतीवरचं ते घरातल्या दमेकऱ्याच्या नाकात पाठवतात. साबणाचं पाणी, ओलं फडकं, पंखा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. चार बोटांनी खोली लहान झाली अशी घरात कुरकुर आहे. असू दे.

आजोळच्या कौलारू घरात कपाटं नव्हतीच, दांड्या होत्या. वारा कौलांच्या फटींतून ये-जा करायचा आणि चुलीचा धूर सगळ्या घराला सुकवत वर जायचा. त्या घराचे गोडवे गाणं सोपं आहे. आजी मात्र त्याच धुरात जन्मभर खोकली.

कौलं काढून घरात ऊन-वारा घेण्याचा प्रयोग मुंबईत एकदा सरकारी हुकमाने झाला. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने प्लेग ओळखला आणि पालिका ओल, अंधार, कोंदटपणा यांच्या मागे लागली. गटारांत कार्बोलिक ओतलं, खोल्यांना चुना फासला, छपरं उघडी केली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी आद्याक्षरं रंगवली. १८९८मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने पश्चिमेकडून आत रस्ते काढले: प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड. प्रिन्सेस स्ट्रीटने संध्याकाळी समुद्राकडे चालत निघालं की तोंडावर जो खारा वारा येतो, तो कागदावर मंजूर होऊन आलेला आहे, हे मला फार आवडतं. या रस्त्यांसाठी किती बिऱ्हाडं उठली, ते आठवलं की आवडणं थोडं कमी होतं.

गंमत अशी की प्लेगचा दोषी वेगळाच निघाला. ट्रस्ट आला त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवून दिलं की रोग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. कोंदटपणा त्या खटल्यात निर्दोष होता. तरीही ट्रस्टच्या ऑरसाहेबांनी आपला हट्ट सोडला नाही. खोलीत उजेड-वारा यायचा तर समोरच्या इमारतीचा माथा साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेच्या वर जाता कामा नये, असा त्यांचा नियम. साध्या हिशेबात, मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच बांधायचं नाही. साहेब चुकीच्या रोगावरून बरोबर उत्तराला पोचले होते.

ते उत्तर ज्या रोगाचं होतं, तो शहरात अजून आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या इमारतींत, खालच्या मजल्यांवर, भर दुपारी ट्यूब लावावी लागते. तिथल्या क्षयरोगाचा अंधाराशी आणि न हलणाऱ्या हवेशी संबंध आहे, असं २०१८च्या एका पाहणीत दिसलं. दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. ऑरसाहेबांच्या नियमाने तिथे सहा मीटर उंची चालली असती, म्हणजे दोन मजले. आहेत सात.