रीप्रिंटची वाट पाहताना

1974 साली मी बडोद्याच्या सायन्स फॅकल्टीत संशोधन करत होतो. दांडिया बझारातून सायकल काढायची, विश्वामित्रीचा पूल ओलांडायचा, काळ्या घोड्याच्या पुतळ्याला वळसा घातला की सयाजीगंज आणि समोर आर्ट्सचा तो भलाथोरला घुमट. रस्ता आजही तोच आहे. तेव्हा मात्र सायकल जरा जोरात पळायची, कारण अकराच्या सुमारास टपाल यायचं आणि टपालात रीप्रिंट असायचे.

हे आता समजावून सांगावं लागतं. लायब्ररीत ‘करंट कॉन्टेन्ट्स’ नावाचं छोटंसं साप्ताहिक यायचं. त्यात जगभरच्या नियतकालिकांच्या नुसत्या अनुक्रमणिका आणि लेखकांचे पत्ते. कामाचा लेख दिसला की लेखकाकडे त्याची सुटी प्रत, म्हणजे रीप्रिंट, मागणारं एक छापील कार्ड भरायचं, खाली सही करायची, एअरमेलचं तिकीट डकवायचं आणि दीड-दोन महिने वाट पाहायची. मग एखाद्या दिवशी तपकिरी पाकीट हाती पडे. लेखाच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलेले आपुलकीचे दोन शब्द. ओळख ना पाळख, पण कुठल्याशा परदेशी गावातल्या माणसानं बडोद्यातल्या एका पोराला आपलं काम पाठवलेलं असे. तिकिटं वाफेवर सोडवून मी धाकट्या भावाला द्यायचो. पाकिटं मात्र आजही माझ्या ट्रंकेत आहेत.

त्याच आवारात जीवरसायन विभाग होता, 1955 साली सुरू झालेला. त्याचे प्रमुख सी. व्ही. रामकृष्णन. त्यांच्या पत्नी डॉ. राजलक्ष्मी यांची पीएच.डी. मानसशास्त्रातली, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाची. बडोद्यात त्या आहारशास्त्राकडे वळल्या. लहानपणी पोटाला पुरेसं मिळालं नाही तर मेंदूचं काय होतं? हा प्रश्न एकट्या मानसशास्त्राला सुटणारा नव्हता आणि एकट्या रसायनशास्त्रालाही नाही. नवरा-बायकोंनी तो मिळून हाती घेतला. गरिबाच्या चुलीवर शिजेल, इथेच पिकणाऱ्या जिनसांतून होईल असा स्वस्त आणि सकस आहार शोधणं, हे राजलक्ष्मींचं काम मला नोबेलइतकंच मोठं वाटतं.

नोबेलही त्याच घरात आलं. त्यांचे चिरंजीव वेंकी 1971 साली इथूनच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले. अमेरिकेत त्याच विषयात पीएच.डी. मिळवली आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. रायबोसोम हा पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. त्याची रचना अणूअणूपर्यंत उलगडल्याबद्दल 2009 साली अमेरिकेचे थॉमस स्टाइट्झ आणि इस्रायलच्या आदा योनाथ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं! कितीतरी प्रतिजैविकं जंतूच्या रायबोसोमलाच चिकटून त्याचं काम बंद पाडतात. त्यामुळे नवी औषधं शोधणाऱ्यांना या रचनेचा मोठा आधार झाला.

आता कार्ड नाही, पाकीट नाही. जानेवारी 2020 मध्ये कोरोनाच्या विषाणूचा जनुकक्रम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लोकांच्या दंडात लस टोचली जात होती. आमच्या काळी तेवढ्या अवधीत एकामागून एक मागवलेले पाच-सहा रीप्रिंट हाती आले असते. हा वेग पाहून माझे डोळे भरून येतात. त्यानं माणसं वाचली.

माझी नात आज सयाजीगंजातच शिकते. रात्री जर्मनीतल्या एका मुलीबरोबर एकाच आलेखावर काम करत असते. “आबा, दोन महिने? एका लेखासाठी?” असं म्हणून ती माझी ट्रंक उघडून पाकिटं चाळते. परवा मी तिला विचारलं, “फूड्स अँड न्यूट्रिशन विभागात कधी डोकावलीस का गं? तुझ्या विषयातलं अर्धं काम तिथे चालतं.” ती म्हणाली, “तिथे मी कुणालाच ओळखत नाही.”

मॅकगिलहून आलेल्या राजलक्ष्मीही आहारशास्त्रात नवख्याच होत्या. सोमवारी मी नातीला घेऊन तिकडे जाणार आहे.