मुद्दाम लावून घेतलेली धाप

परीक्षा म्हटली की आपल्या छातीत धडधडते. पण आपल्या छातीचीच परीक्षा घेणारा एक डॉक्टर होऊन गेला. रॉजर अल्टोन्यान, जन्म १९२२, स्वतः दमेकरी. गिनीपिगच्या केसांची त्याला ॲलर्जी. इंग्लंडातील प्रयोगशाळेत तो त्या केसांचा अर्क मुद्दाम श्वासावाटे ओढी आणि नवे संयुग आधी घेतले तर दमा किती कमी उठतो ते मोजी. वर्षानुवर्षे हे चालले. खेलिन या वनस्पतिज द्रव्यापासून निघालेली ही वाट १९६५ मध्ये क्रोमोग्लायकेटपर्यंत पोचली. दाह पेटवणारी द्रव्ये पेशींतून सुटूच नयेत, ही त्याची करामत. मात्र दमा उठल्यावर त्याचा उपयोग नाही. आधीच घ्यावे लागते.

माझ्या आईला नेमके हेच पटत नाही. तिचा पंप निराळ्या औषधाचा, पण रीत तीच: रोज घ्यायचा. बरे वाटले की ती बंद करते. मग मळणीचा भुसा उडाला की रात्रभर बसून काढते. घरात डॉक्टरांची चिठ्ठी वाचू शकणारा मी एकटाच. या सुट्टीत तिला अल्टोन्यानची हकीकत सांगितली.

ती म्हणाली, "मुद्दाम धाप लावून घ्यायचा? आन् त्याच्या आयनं घेऊ कशी दिली रं?"