थंड पाण्याचं घराणं

एल निनो म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो. मे महिन्यात पेपरात तो शब्द दिसला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. गालापागोस बेटांच्या समुद्रात त्याचा हिशेब स्पर्म व्हेलच्या विष्ठेत मांडलेला आहे.

*

खरंच विष्ठेत. इथले कळप माद्यांचे आणि पिल्लांचे. मोठे नर ध्रुवांकडच्या गार पाण्यात असतात. मादी शेकडो मीटर खाली, काळोखात म्हाकूळ पकडते. तिथे तिला काय मिळालं, किती मिळालं, हे कोणी बघायचं? पण ती वर येते, दहाएक मिनिटं दम खाते, पुन्हा बुडी मारताना शेपूट उभं आभाळात जातं, आणि कधीकधी मागे पाण्यात तपकिरी ढग उरतो. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे हाल व्हाइटहेड आणि त्यांचे सहकारी १९८५ पासून शिडाच्या छोट्या बोटीतून या कळपांच्या मागे असायचे. शेपूट बुडालं की बोट तिथे न्यायची, ढग आहे की नाही ते बघायचं, वहीत लिहायचं. ढग वारंवार दिसले तर पोट भरतंय. त्यात म्हाकुळाच्या चोचीही सापडतात. बाकीचं म्हाकूळ पचतं, चोच पचत नाही.

महागड्या यंत्रांपेक्षा मला ही युक्ती जास्त आवडते.

*

१९८७, एल निनोचं वर्ष. पाणी कोमट झालं तसे ढग विरळ झाले. त्याच वर्षी भारतात मोठा दुष्काळ होता.

*

पश्चिमेकडून विषुववृत्ताच्या रेषेत, पृष्ठभागाखालून, क्रॉमवेल नावाचा थंड प्रवाह येतो. बेटांना धडकून तो वर चढतो आणि तळची पोषक द्रव्यं उजेडात आणतो. विषुववृत्तावर पेंग्विन राहतात ते याच्याच जोरावर. एल निनोत व्यापारी वारे ढिले पडतात, कोमट पाण्याचा जाड थर पूर्वेकडे सरकतो, थंड पाणी खालीच दबून राहतं. आधी वरचं प्लवक आटतं, मग त्यावर जगणारे. उपासमार अशी पायरी-पायरीने खाली उतरते. व्हेलला उकडतं म्हणून ती जात नाही. ताट रिकामं होतं म्हणून जाते.

*

सगळ्यांचं ताट मात्र सारखं रिकामं होत नाही. या माद्यांची घराणी आहेत, आणि ती ओळखायची ठेक्यावरून. एका घराण्याचे टिकटिक आवाज समान अंतराने येतात : टक टक टक टक टक. दुसऱ्याचा शेवटचा ठोका रेंगाळतो : टक टक टक टक… टक. पहिलं घराणं किनाऱ्याजवळ, वळणं घेत चरायचं. दुसरं दूर, बरंचसं सरळ रेषेत. पाणी थंड असताना पहिल्याची चंगळ. एल निनोत दोघांचेही हाल, पण दुसरं त्यातल्या त्यात तग धरून.

चरायची रीत पिल्लं आईकडून, मावश्यांकडून उचलतात. म्हणून समुद्र बदलला की नुसता प्राण्यांचा नकाशा बदलत नाही, कोणाची रीत चालणार तेही बदलतं. ‘व्हेल कुठे गेले?’ या प्रश्नाआधी ‘कुठल्या घराण्याचे?’ हे विचारायला हवं.

*

नव्वदच्या दशकात गालापागोसचे स्पर्म व्हेल कमी होत गेले, जवळजवळ नाहीसे झाले. ‘समुद्र तापला’ एवढं लिहून मोकळं होऊ नये. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेलची बेसुमार शिकार झाली होती. तिथली मोकळी पडलेली कुरणं इथल्या कळपांनी धरली असावीत, असा व्हाइटहेड यांचा तर्क आहे. शेपटीच्या कडेवरच्या खाचांवरून ओळखलेल्या गालापागोसच्या काही माद्या पुढे पार मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातात दिसल्या. ताशी चारेक किलोमीटरची चाल, आपण रमतगमत फिरतो तेवढीच. तरी तिथवर.

*

२०११ नंतर गालापागोसला पुन्हा स्पर्म व्हेल दिसू लागले. संशोधकांनी पाण्यात मायक्रोफोन सोडून ठेके ऐकले. घराणी दोनच होती, पण दोन्ही नवी. जुन्यांपैकी एकही परतलेलं नव्हतं.