फियाटचं नाक

कवठे महांकाळच्या पोरांना स्पोर्ट्स कार दिसायची ती सिनेमात. रस्त्यावर होती फियाट; तीच पुढं प्रीमियर पद्मिनी झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. खरं तर बायकापोरं घेऊन पंढरपूरला जायची गाडी. पण घरातल्या धाकट्याच्या लेखी ती रेसचीच होती, आणि रेसच्या गाडीचं नाक खाली हवं यावर तो ठाम होता.

वडिलांनी ते उलट वर केलं होतं. म्हैसाळ योजनेचं पाणी यायच्या आधीचा तालुका, मळ्याची वाट म्हणजे मुरूम आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. चेंबर एकदा दगडावर आपटलं की ऑइल मातीत आणि गाडी जागेवर. म्हणून मिस्त्रीनं पुढच्या स्प्रिंगमध्ये रबरं कोंबली. गाडी वळणावर कलायची, पण चेंबर शाबूत राहिलं.

असंच काहीसं इंग्लंडच्या एमजीबी या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कारच्या नशिबी आलं. तिथं कारण मुरमाचं नव्हतं, कायद्याचं होतं. अमेरिकेच्या नियमांत बसावी म्हणून 1974 मध्ये तिला काळे रबरी बंपर लावले आणि गाडी सुमारे इंचभर उचलली. वळणावरची तिची ऐट गेली. तिचे शौकीन आजही ती उंची उतरवत बसलेले असतात.

धाकट्याच्या हाती फियाट आली तोवर रत्नागिरी–नागपूर महामार्ग चौपदरी झाला होता. आता रबरं काढायची, आणि थोडं आणखी खाली. मिरजेच्या मिस्त्रीनं आधी नकारच दिला. मग अट घातली, ‘स्प्रिंगचा अर्धा राऊंड कापू. जास्त नाही.’

या गाडीला पुढं दोन्ही चाकांना स्वतंत्र आर्म आणि त्यावर स्प्रिंग. स्प्रिंग चाकापासून आत बसतो, त्यामुळं तिथं इंच कमी केला की बाहेर इंचाहून जास्त उतरतं. नवख्यांचं गणित इथंच चुकतं. शिवाय राऊंड कमी झाला की उरलेला स्प्रिंग कडक होतो. मिस्त्रीनं क्लॅम्प लावून स्प्रिंग सावकाश दाबला, खडूनं खूण केली आणि ग्राइंडर चालवला, मधूनमधून पाणी मारत. गॅस कटरला हात लावला नाही. त्या आचेनं पोलादाचा कस जातो आणि स्प्रिंग बसतो. दोन्ही बाजू शेजारी उभ्या करून मापल्या. बसवल्यावर चाकं वरून किंचित आत झुकलेली दिसली, म्हणून लगेच अलाइनमेंट. नाहीतर टायर आतून खाऊन जातात.

महामार्गावर गाडी जमिनीला धरून वळू लागली. गावात शिरताच पहिला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आपल्याकडं तो कुणाच्या तरी मर्जीनं घातलेला उभा बांध असतो. फियाट तिरकी घालावी लागते, आणि सायलेन्सर तरीही घासतो.

कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्यावं. आणि कापायचंच असेल तर बाजारातून दुसरी जोडी आणून ती कापावी. मूळ स्प्रिंग ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. मळ्याची वाट अजून कच्चीच आहे.