भावाच्या नावे पुण्य



आपल्याकडच्या पुष्कळ घरांची कुलदेवता बनशंकरी. आमचीही तीच. तिच्या दर्शनाला जाणारा माणूस सोलापूर-विजापूर मार्गे बदामीला उतरतो, चार-पाच किलोमीटरवरच्या देवळात ओटी भरतो आणि परतीची गाडी धरतो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच केले. गावामागच्या तांबड्या डोंगरात चार लेणी आहेत, हे ऐकून होतो. पण पाय कधी तिकडे वळले नाहीत. गेल्या वर्षी मात्र गाडीला वेळ होता आणि सोबत एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, “चला, पायऱ्या चढू.”

आपणही कधी गेलात तर चढा. बदामी म्हणजे जुनी वातापी, चालुक्यांची राजधानी. खाली अगस्त्य तीर्थाचे हिरवट पाणी, पलीकडच्या काठाला भूतनाथाची देवळे. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात विष्णू, चौथ्यात जैन तीर्थंकर. एकाच डोंगराच्या अंगावर सगळे शेजारी नांदतात. हरिहराची मूर्ती तर अशी की अर्ध्या डोक्यावर जटा, अर्ध्यावर मुकुट. नरहरी सोनारांना करदोट्याचे माप घेताना जे कळले, ते इथे दगडात उभे आहे. मी हात जोडले.

पण मला अडवले ते मूर्तीने नव्हे, अक्षरांनी.

तिसऱ्या लेण्यात एक संस्कृत लेख कोरलेला आहे. मास्तरांनी अर्थ सांगितला. शके 500, म्हणजे इसवी सन 578. दिवस कार्तिकी पौर्णिमेचा. राजा कीर्तिवर्मा, पण लेणे खोदवले त्याच्या धाकट्या भावाने, मंगलेशाने. लेखात तो परमभागवत म्हणवतो आणि या लेण्याला महाविष्णूचे घर म्हणतो. एवढा डोंगर पोखरून देवाला घर केले आणि त्याचे पुण्य त्याने थोरल्या भावाच्या नावे केले. स्वतःसाठी मागितले ते एवढेच, की भावाच्या सेवेचे फळ मला मिळो.

मी तिथेच ओट्यावर बसलो. माउली, आपल्यापासून काय लपवायचे? माझाही एक धाकटा भाऊ आहे. विहिरीजवळच्या बांधावरून आमचे बोलणे तुटले, त्याला सहा वर्षे झाली. दोघेही वारी करतो, पण दिंड्या वेगळ्या. वाटेत अनोळखी माणसाच्या पायावर मी डोके ठेवतो, तोही ठेवतो. मात्र तो समोरून आला की मला पताका सारखी करायची आठवण होते. इतकी वर्षे मी ‘माउली माउली’ म्हणत आलो, त्यात एक माणूस वगळून!

मास्तरांना म्हणालो, “धन्य तो भाऊ.” ते थोडे थांबले आणि म्हणाले, “पुढचेही ऐका.” कीर्तिवर्मा गेला, त्याचा मुलगा पुलकेशी लहान होता, म्हणून मंगलेश गादीवर बसला. पुढे त्याला वाटू लागले की राज्य आपल्याच मुलाला मिळावे. काका-पुतण्यात युद्ध पेटले. मंगलेशाचे राज्यही गेले आणि प्राणही गेले. ऐहोळेच्या देवळावर 634 सालचा लेख आहे, त्यात ही हकिकत आली आहे.

खाली उतरताना हेच मनात घोळत होते. त्याची भक्ती खोटी होती का? मला तसे वाटत नाही. त्या पौर्णिमेला ते शब्द त्याने मनापासूनच लिहवले असतील. पण दगडात कोरलेले टिकते, मनात कोरलेले टिकत नाही. मनावर ते रोज नव्याने कोरावे लागते. म्हणून तर आपल्या संतांनी वारी एकदाची ठेवली नाही, दरसालची ठेवली. नाम रोज ठेवले. एकमेकांच्या पाया पडणे क्षणोक्षणी ठेवले.

त्या कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात भाऊ दिसला. मी थोरला. पण वारीत थोरला-धाकटा कुठे असतो? वाकलो. त्याने पाय मागे घेतले, मग मला दंडाला धरून उठवले. बराच वेळ दोघेही गप्प. शेवटी म्हणाला, “दादा, गुडघा अजून दुखतो का रे तुझा?”

बांधाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हेही सांगतो. मोजणी व्हायची आहे. पण आता मोजणीला आम्ही एकाच मोटारसायकलवरून जाणार आहोत.

माउली, आपल्या वारीतही असा एखादा वगळलेला माणूस असेल. असेल, तर पुढच्या एकादशीची वाट पाहू नका.

रामकृष्णहरी.